सहावी खुंटी

"लिवून आहे ह्याच्यात. तुझ्याच रक्तातून आलं हे."

माय वैनीच्या तोंडासमोर कागद नाचवत होती. कागद उलटा होता. मायला अक्षरओळख नव्हती, पण त्या सकाळी तिनं तो असा धरला होता की जणू तिनंच लिहिला असावा.

मंदावैनी चुलीपुढे बसून हर्षूचे पाय चोळत होती. वर पाहिलंसुद्धा नाही. "मी कुठं नाई म्हणून रायली," एवढंच म्हणाली.

"तं मंग ऐक. तुझ्या बाबाले फोन लावला मी. रईवारी येऊन रायले ते. तू जाय त्यायच्यासंगं. पोरगं इथंच राहीन."

चोळता चोळता वैनीचा हात थांबला. हर्षू कण्हला, तेव्हा पुन्हा चालू झाला.

"माय, काही तरी बोलतं का तू!" मी दप्तर खांद्यावर घेऊन दारात उभी होते. "चार वर्षांचं लेकरू मायपासून तोडतं?"

"तू कॉलेजात जाय. घरच्या गोष्टीत तोंड नको घालू."

मी सतरा वर्षांची होते आणि माझं तोंड दुसऱ्या कुठल्या कामाचं नव्हतंच. पण तेवढ्यात माझी गाडी आली.

ही गोष्ट आंधळगावची, म्हणजे भंडारा जिल्ह्यातली. तिथं घराघरात माग आणि मागावर कोशाचं रेशीम. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांच्या मागावर आता घनश्यामदादा बसायचा आणि त्याच्या करवती काठाच्या साड्यांना नागपूरचे व्यापारी थांबून राहायचे. करवतीच्या दातांसारखी नक्षी काठाला असते, म्हणून करवती. दादाचा एक दात दुसऱ्यापेक्षा केसभरही लहानमोठा नसायचा.

हर्षू दीड वर्षाचा झाला आणि त्याचे हातपाय सुजायला लागले. थंडी पडली की रात्रंदिवस किंचाळायचा. डोळे पिवळे व्हायचे. देवदेवस्की झाली, झाडपाला झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हर्षूचं, आईचं आणि बापाचं.

बापाचं रक्त गेलंच नाही. मायनंच जाऊ दिलं नाही. आमच्या गल्लीत सगळे मानायचे की साडी मागावर चढलेली असली की विणकरानं अंगात सुई टोचून घ्यायची नाही. सुई टोचली की हात हलतो, हात हलला की काठ हलतो. लग्नसराईची साडी अर्धी झाली होती. दादा घरी राहिला, वैनी लेकराला घेऊन एकटी गेली, आणि कागद आला: मुलगा सिकलसेलचा रुग्ण, आई वाहक. बापाच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आले नाहीत.'

मायला कोणीतरी एवढंच वाचून दाखवलं होतं की आईच्या रक्तात दोष आहे. तिला तेवढं पुरेसं होतं.

*

नशीब म्हणा की काय म्हणा, त्याच आठवड्यात गभणे मॅडम आम्हाला पेशी प्रथिनं कशी बनवते ते शिकवत होत्या. मी मागच्या बाकावर बसायचे आणि जीवशास्त्रात माझा जीव कधी नव्हता. त्या मंगळवारी मात्र एक शब्द निसटू दिला नाही.

मॅडम फळ्यावर खडूनं लांब पट्टी काढत म्हणाल्या, "मूळ सूचना केंद्रकात. ती बाहेर पडत नाही. घरातलं सोनं कोणी रस्त्यावर नेतं का? तिची नक्कल निघते, ती नक्कल बाहेर येते. बाहेर रायबोसोम बसलेलाच असतो. तो तीन-तीन अक्षरं वाचतो. प्रत्येक तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल. एक आलं, त्याला दुसरं जोडलं, त्याला तिसरं. अशी माळ होते. तेच प्रथिन."

"आणि एखादं अक्षर चुकलं तं?" मी उभी राहूनच विचारलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. वर्षभरात मी पहिल्यांदा काही विचारत होते. "कधी काही बिघडत नाही. कधी फार बिघडतं. आपल्या रक्ताचा लाल रंग ज्याच्यामुळे, त्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत एकशे सेहेचाळीस अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं बदललं, फक्त सहावं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. माणूस वेदनेनं तळमळतो. तोच सिकलसेल."

मला हर्षूचं किंचाळणं ऐकू आलं. तास संपल्यावर मी मॅडमच्या मागे मागे स्टाफरूमपर्यंत गेले आणि मायच्या नकळत दप्तरात घातलेला कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

"वडिलांची तपासणी का नाही?"

"साडी मागावर होती."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चित्ररेखा, प्रत्येक सूचनेच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. एक बरोबर असली की माणसाचं निभतं, त्याला म्हणायचं वाहक. तुझी वहिनी वाहक आहे, ती आजारी नाही. मुलगा आजारी आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती चुकीच्या. एक आईकडून आली. मग दुसरी?"

 गाडीत बसल्यावरही तेच डोक्यात होतं. दुसरी आमच्या घरातली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं चाललं होतं आमच्याकडे.

*

संध्याकाळी मायला सांगून पाहिलं. तिनं कानावर हात ठेवले. "माझ्या पोराच्या रक्तात खोट काढतं? तगडा आहे तो. दिवसभर माग हाणते. खाटेवर पडलेला कधी पाह्यला का तू?"

दादाला सांगितलं तर त्यानं धोटा थांबवलाच नाही. "मले काही झालं आहे का? जाय, अभ्यास कर."

"दादा, वैनीले काढून रायले घरातून. तुले काहीच वाटत नाही?"

"माय पाहीन ते."

माझा दादा वाईट नव्हता हो. पण त्याला आयुष्यात दोनच गोष्टी कळायच्या, माग आणि माय. मायपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. मग मी ठरवलं की मागाकडूनच जायचं.

काठाची नक्षी डॉबीवर ठरते. मागाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरत असते, पट्ट्यांना भोकं असतात, काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या असतात. जिथं खुंटी, तिथले ताण्याचे धागे वर उचलले जातात. पट्ट्यांचा फेरा संपला की एक दात पूर्ण, मग पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी दादा जेवायला उठला, तेव्हा मी स्टुलावर चढले आणि सहाव्या पट्टीची एक खुंटी काढून शेजारच्या भोकात बसवली. सहावीच का? मॅडम सहावं म्हणाल्या म्हणून. मला शास्त्राशी प्रामाणिक राहायचं होतं.

दादा जेवून बसला. मी पुस्तक उघडून खाली बसले, एक अक्षर वाचत नव्हते. पाच-दहा मिनिटं खटखट ऐकू आली आणि मग माग थांबला.

"चित्रे!"

"काय?"

"इकडे ये. डॉबीले हात कोणी लावला?"

"मी लावला."

दादा उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आता कानाखाली बसते. काठावर चार दात विणून झाले होते आणि चारही दातांचं टोक तुटलेलं होतं. एकाच जागी, एकसारखं.

"अक्कल आहे का तुले? लग्नाची साडी आहे लोकायची! चार बोटं उकलावं लागते आता!"

"तुझा हात हलला का दादा?"

"माझा हात काहून हलन?"

"मंग रेशीम खराब होतं?"

"रेशमाले काय झालं? तू खुंटी सरकवली!"

"एकच सरकवली. बाकी सगळ्या जाग्यावर आहेत. तरी तू विणशील तितके दात तुटकेच निघतीन का नाही?"

"निघतीनच. माग काय करन? जशी खुंटी तसं विणन तो."

"हर्षूचं तेच झालं आहे, दादा."

 मी बोलत सुटले. अंगातल्या प्रत्येक पेशीत अशीच पट्ट्यांची साखळी आहे, तीन-तीन खुंट्या वाचून एकेक मणी जोडणारा माग आहे, आणि तो माग बिचारा काही चुकत नाही, समोर येईल तसं विणतो. हर्षूच्या रक्ताच्या साखळीत एक खुंटी भलत्याच भोकात आहे. माणसाजवळ दोन साखळ्या असतात, मायची एक, बापाची एक. एक चांगली असली तर तिच्या जोरावर भागतं, म्हणून वैनी हिंडतेफिरते. हर्षूजवळ चांगली एकही नाही.

दादा काठावरून अंगठा फिरवत होता. चारही तुटक्या दातांवरून एकेक करून फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे त्याले दोन्ही साखळ्या तशाच मिळाल्या."

"हाव."

"न् एक मी देल्ली."

"तपासल्याबिगर कसं सांगू? पण दुसरा बाप तं नाही ना त्याले."

"चूप!" म्हणाला, पण रागात नाही. मग खुंटी जागेवर ठोकली आणि चार बोटं काठ उकलायला बसला. उकलता उकलता माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "उद्या भंडाऱ्याले रेशीम आणाले जातो म्हणून मायले सांग. तूही चाल. मले तिथलं बोलता नाही येत."

*

लॅबमधले निमजेभाऊ शांत माणूस होते. त्यांनी रबरी पट्टा दादाच्या दंडाला बांधला आणि माझा तगडा दादा, दिवसभर माग हाणणारा, पांढराफटक पडला. "हात हलन ना," म्हणत हात मागे ओढून घेतला.

मी बाही वर केली. "भाऊ, आधी माझं घ्या. पाह्य दादा, काहीच होत नाही."

दुखलं. पण मी दात काढून हसत राहिले, म्हणून त्यालाही द्यावंच लागलं. निमजेभाऊंनी दोन बाटल्यांवर दोन नावं लिहिली. लगेच होणाऱ्या तपासणीचं औषध त्या दिवशी संपलेलं होतं. म्हणाले, नागपूरला पाठवतो, शनिवारी या. येताना गाडीत दादा डाव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहत होता. घरी येऊन मागावर बसला आणि काठ सरळ निघाला, तेव्हा कुठं जेवला.

शनिवारी सकाळी तो एकटाच भंडाऱ्याला गेला. दुपारी आला. मी अंगणातच गाठला.

"काय निघालं?"

"आलाच नाई रिपोट. मशीन बंद आहे म्हणते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही आणि दादाला खोटं बोलता येत नव्हतं. मी मैत्रिणीकडे जाते सांगून तीनची गाडी पकडली. निमजेभाऊ दुकान आवरत होते. "तुमचे भाऊ सकाळीच घेऊन गेले ना, दोन्ही. सांगितलं नाही का त्यांनी? घाबरू नका ताई, वाहक म्हणजे आजार नाही. त्यांच्यातही आहे, तुमच्यातही आहे. फक्त लग्नाच्या वेळी समोरच्याचं तपासून घ्या."

तुमच्यातही आहे. मी ते ऐकून खुर्चीवर बसले. माझं रक्त मी दादाला धीर यावा म्हणून दिलं होतं, माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तुमसरचं एक स्थळ माझ्यासाठी चालून आलं होतं आणि मायनं साडी-चोळीपर्यंत ठरवत आणलं होतं. मुलगा तलाठी. मला तो आवडला नव्हता असं मी खोटं सांगणार नाही, चांगला दिसायला होता.

त्या रात्री मी दादाला काही विचारलं नाही. वाटलं, उद्या सगळ्यांसमोर तो सांगेल. बायकोचा आणि लेकराचा प्रश्न आहे, सांगणार नाही तर जाईल कुठं?

*

रविवारी उमरेडचे मामाजी, म्हणजे वैनीचे वडील, अकराच्या गाडीनं आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. पोरीला काढून देणाऱ्या घरीसुद्धा नातवासाठी केळी घेऊन आले होते. आमचे सदाशिवकाका, बाबांचे चुलतभाऊ, मध्यस्थ म्हणून बसले. वैनीची पेटी दाराशी ठेवलेली होती. वैनी हर्षूला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती आणि हर्षूची मूठ तिच्या पदरात होती.

काका म्हणाले, "मामाजी, कागद तुमच्यासमोर आहे. डॉक्टरचं म्हणणं आहे. आमचा काही राग नाही."

मामाजींनी कागद घेतला, डोळ्याजवळ नेला. "माझ्या घरात कोणाले नोतं असं. पण डॉक्टर लिवते तं असन." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्या मायपुढे हात जोडले. "व्याहीनबाई, पोरीची चूक पदरात घ्या. लेकरापासून नका तोडू."

मी दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे पाहत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद मला इथून दिसत होता.

"पदरात काय घ्याचं?" माय म्हणाली. "उद्या दुसरं होईन, तेही असंच. माझ्या घरात खराब रक्त नाही. माझ्या पोराचं दुसरं करून देईन मी."

मी मनात म्हणत होते, बोल दादा. आता बोल. तो बोलला नाही. मामाजींनी डोळे पुसले आणि हर्षूला घ्यायला माय उठली. वैनीनं त्याला घट्ट धरलं. हर्षू रडायला लागला.

"थांब माय," मी म्हटलं. "खराब रक्त आहे ह्या घरात. माझ्यात आहे."

"काय बोलून रायली ही?"

"भंडाऱ्याले तपासलं मी. वैनीच्या रक्तात जे आहे तेच माझ्या रक्तात आहे. निमजेभाऊले विचारा कोणीही."

"तोंड सांभाळ!" मायचा आवाज चिरकला. "तुमसरच्या लोकायनं ऐकलं तं? कोण करन तुले?"

"नको करू दे. मले एक सांग, मी काय वैनीच्या पोटची आहो का? माझ्यात कुठून आलं? वैनी ह्या घरात यायच्या आधीपासून आहे ते. तुझ्याकडून आलं का बाबाकडून, मले माहीत नाही. पण उमरेडहून नाही आलं."

 सदाशिवकाकांनी तंबाखूची डबी उघडली आणि तशीच बंद केली. मग दादानं खिशात हात घातला, कागद काढला आणि काकांच्या हातात दिला. "माझ्यातही आहे," म्हणाला. "हर्षूले दोघाकडूनही आलं. तिच्या एकटीचं नाई."

मला वाटलं, जिंकलो. खरंच सांगते, उड्या माराव्याशा वाटल्या. माय मटकन खाली बसली होती, मामाजी हात जोडून वर पाहत होते. आता वैनी रडेल, माझ्या गळ्यात पडेल, पेटी पुन्हा आत जाईल.

वैनी उठली. दादासमोर येऊन उभी राहिली.

"कधी आणला हा कागद?"

दादानं रिकाम्या खिशावर हात ठेवला.

"मी विचारून रायली."

"काल."

"काल कितीले?"

"सकाळी."

"म्हणजे काल मी ताट वाढलं तवा हा तुमच्या खिशात होता. रात्री लेकरू रडलं, मी एकटी घेऊन बसली, तवाही होता. आता माझे बाबा तुमच्या मायपुढे हात जोडून रायले होते, तवाही."

"मंदा..."

"ह्या पोट्टीनं आपलं लगन मोडून घेतलं माझ्यापायी. तुमच्यानं खिशात हात नाही घालवला." तिनं हर्षूला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं पेटी उचलली. पेटी जड होती, पण तिनं मामाजींना हात लावू दिला नाही. "बाबा, चाला. मले कोणी काढलं नाही. मी जाऊन रायली. न् माझं लेकरू माझ्यासंगं येते."

हर्षूला कोणी अडवलं नाही. मायसुद्धा नाही.

*

तुमसरचं स्थळ चार दिवसांत मोडलं. मी रडले, मग नाही रडले. पुढे मी नवरा पाहिला तो आधी त्याचं रक्त पाहून, मग तोंड. ते जाऊ द्या.

दादा उमरेडला दोनदा गेला. पहिल्यांदा वैनीनं पाणीसुद्धा मामाजींच्या हातून पाठवलं. दुसऱ्यांदा समोर आली. म्हणाली, "तुमचा राग नाही मले. तुमच्यासंगं राहीन मी. पण ज्यायनं मले काढलं त्यायनंच न्याले यावं. न् त्यायनं आधी आपलं रक्त तपासून यावं."

दादानं हे घरी सांगितलं तेव्हा मायनं घर डोक्यावर घेतलं. "सून सासूले हुकूम सोडते! कलियुग आलं बाप्पा! मी जाऊ? माझं मढं जाईन!" दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, पण बोलली नाही. आठ दिवस घरात फक्त माग बोलत होता.

वैनी गेल्याच्या अठराव्या दिवशी माय पहाटेच आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती. मला म्हणाली, "चाल. निमज्याकडे."

"उमरेडले नाही जायचं?"

"आधी निमज्याकडे."

निमजेभाऊंजवळ तेव्हा औषध आलेलं होतं. मायनं हात टेबलावर ठेवला आणि तोंड फिरवलं नाही. सुई शिरताना पाहत राहिली. म्हणाली, "घे बावा. सुनेचं घेतलं, पोराचं घेतलं, पोरीचं घेतलं. माझंच काहून सोडतं?"

निमजेभाऊंनी एका नळीत औषध घेतलं, त्यात रक्ताचा थेंब टाकला आणि थांबायला सांगितलं. मग भिंतीवरचा कागद दाखवला. पांढऱ्यावर काळ्या जाड रेघा. "आजी, ही नळी मी रेघांपुढे धरतो. आरपार रेघा दिसल्या तर तुमच्यात नाही. नळी गढूळ झाली, रेघा दिसल्या नाहीत, तर आहे."

"मले वाचता येत नाही. रेघा दिसतात."

त्यांनी नळी धरली. माय खुर्चीवरून उठली आणि अगदी जवळ गेली. वाकून पाहिलं, डोकं इकडे केलं, तिकडे केलं. रेघा नव्हत्या. नळीत नुसतं गढूळ होतं.

"आहे," माय म्हणाली. तिनंच म्हटलं, कोणी सांगायच्या आधी.

"पक्कं नागपूरहून कळेल," निमजेभाऊ म्हणाले. "पण घाबरायचं नाही. तुम्हाला त्यानं काही होत नाही."

"मी माझ्यासाठी नाही घाबरत." ती माझ्याकडे वळली. "चित्रे, एक सांग. दोघायकडूनही आलं तरच लेकरू दुखते म्हणते ना?"

"हाव."

"म्हणजे माझ्यातली एक. तुझ्या बाबातली एक."

"बाबाचं आता तपासता येत नाही. पण असू शकते."

मायचा हात माझ्या मनगटावर आला आणि इतका घट्ट बसला की बांगडी रुतली. "वसंताचेही हातपाय सुजे," ती म्हणाली. "शकूचे डोळे पिवळे होये. थंडीत रडे, रडे न् काळीनिळी होये. वसंता तीन वर्षांचा गेला. शकू पाच."

दादाच्या आधी मायला दोन लेकरं झाली होती, हे मला उडत उडत माहीत होतं. त्यांची नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आमच्या घरात ती घेतच नसत.

"तुझी आजी म्हणे, हे बाई लेकरं खाते. सगळ्या गल्लीत म्हणे. घनश्याम झाला तं चाळीस दिवस माझ्याजवळ देल्ला नाही, मी खाईन म्हणून. तुझे बाबा ऐकत, काही बोलत नसत." तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. "मले वाटे, म्हणतात तसंच असन. माझ्यातच असन काही. तीस वर्षं झाली पोरी, मले तसंच वाटे. सांग मले. तू शिकली आहेस. मी नोते ना खाल्ले?"

 निमजेभाऊ नळी हातात धरून तसेच उभे होते. मी मान हलवली, नाही म्हणून. मग ती हलली नसेल असं वाटून मोठ्यानं म्हटलं, "नाही माय. तू काहीच नाही केलं."

माय तिथंच, लॅबच्या फरशीवर, फतकल मारून बसली आणि रडली. दोन लेकरांचं एकदम रडली. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून पाहायला लागली. मी दार लावून घेतलं.

उमरेडला आम्ही चारच्या सुमारास पोचलो. मामाजींच्या अंगणात हर्षू उन्हात बसला होता, पायात लोकरीचे मोजे, जवळ पाण्याचा तांब्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वैनी त्याला दर तासाला पाणी पाजत होती. आज तो तिशीचा आहे, आणि तो तांब्या त्याच्यामागे कायमचा लागला तो तेव्हापासून. आम्हाला पाहून वैनी दारात येऊन उभी राहिली. पदर घेतला, पण पुढे आली नाही.

"तपासलं?" तिनं विचारलं.

"तपासलं. माझ्यात आहे."

वैनीनं मान हलवली. तिला वाटलं, झालं एवढंच. पण माय पायरी चढून तिच्यापुढे गेली.

"माझे दोन गेले, मंदे. वसंता न् शकू. तुझ्या सासऱ्यानं तोंड नाही उघडलं न् मले कोणीच सांगाले आलं नाही का बाई, तुझं काही चुकलं नाही. म्हणून मी आली. तुझं काही चुकलं नाही."

वैनी तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं मायच्या हातातली पिशवी घेतली आणि दारातून बाजूला झाली. "आत या," म्हणाली. "दोघीही उपाशी असान."